डीटीपीला जाण्यापूर्वी: फाईल, फोल्डर आणि बिल

"ताई, फाईल उघडली तर खरी, पण सगळं गुलाबी आलंय."

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हा डीटीपी ऑपरेटर बसतो. पडद्यावर आमच्या संस्थेची जुनी स्मरणिका होती. मजकुराच्या ओळीओळीवर गुलाबी पट्टा होता आणि छायाचित्रांच्या कोपऱ्यात लाल प्रश्नचिन्हे. इनडिझाइन या मांडणीच्या प्रोग्राममध्ये गुलाबी पट्ट्याचा अर्थ असा की मजकूर ज्या फॉन्टमध्ये आहे तो या संगणकावर नाही. लाल प्रश्नचिन्हाचा अर्थ, चित्राची मूळ फाईल जिथे असायला हवी तिथे सापडत नाही. आम्ही 2011 साली 120 पानांची स्मरणिका काढली, तेव्हा बिल पूर्ण चुकते केले होते. दुसरी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा आमच्या कपाटात होती फक्त एक सीडी. सोळा लेखांपैकी सातच लेख त्या सीडीत होते आणि छायाचित्र एकही नव्हते. ज्या ठिकाणी काम करून घेतले ते दुकान केव्हाच बंद झालेले. उरलेले नऊ लेख छापील प्रतीवरून पुन्हा टाईप करून घ्यावे लागले. तोच मजकूर, त्याच चुका, तेच मुद्रितशोधन, आणि पैसे दुसऱ्यांदा.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात स्वतःच्या खर्चाने काही ना काही छापणारी माणसे फार आहेत. 84 वे साहित्य संमेलन 2010 मध्ये ठाण्यात झाले, 90 वे 2017 मध्ये डोंबिवलीत. पण संमेलने तीन दिवसांची. वर्षभर चालू असते ते गृहसंकुलांच्या स्मरणिका, शाळांचे माजी विद्यार्थी अंक, कुळवृत्तांत, आजोबांच्या आठवणी, कवितासंग्रह आणि छोटे दिवाळी अंक यांचे काम. हे काम घेऊन जाणारा माणूस एरवी कधी डीटीपीच्या दुकानात गेलेला नसतो. छपाईचे दर तो चार ठिकाणी विचारतो. त्याआधीच्या कामाचे, म्हणजे टायपिंग, मांडणी, दुरुस्त्या आणि फाईलींच्या आवराआवरीचे पैसे मात्र 'होईल काहीतरी' म्हणून सोडून देतो. बिल फुगते ते इथेच. म्हणून हे लिहिते आहे.

दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो असा: "पानाचा दर म्हणजे कुठल्या पानाचा?" हस्तलिखिताच्या फुलस्केपवर मोकळ्या अक्षरात दोनशे शब्द मावतात. ए-फोरवर टाईप केलेल्या पानात चारशेच्या आसपास बसतात. डेमी आकाराच्या छापील पानात अडीचशे ते तीनशे. एकाने हस्तलिखिताच्या पानाचा दर सांगितला आणि दुसऱ्याने पुस्तकाच्या पानाचा, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून काही कळणार नाही. एकूण शब्द किती आहेत ते आपण सांगावे आणि संपूर्ण कामाचा आकडा लिहून घ्यावा. मजकूर वर्डमध्ये असेल तर शब्दसंख्या खालच्या पट्टीवर दिसते. हाताने लिहिलेला असेल तर पाच पानांचे शब्द मोजून सरासरी काढावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

आता हिशेब मांडू. आकडे पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. प्रत्येक दुकानाचा दर वेगळा असतो, तेव्हा आपल्याला मिळालेला दर त्या जागी घालावा. समजा, 160 पानांचे डेमी पुस्तक आहे. हस्तलिखित 200 पानांचे. टायपिंगला पानामागे 30 रुपये धरले तर 6,000 रुपये झाले. मांडणीला छापील पानामागे 60 रुपये, म्हणजे 9,600. पहिल्या दोन प्रुफांच्या दुरुस्त्या त्यातच. मुखपृष्ठ वेगळे. आतापर्यंत झाले 15,600. हा आकडा बहुतेकांना आधी कळलेला असतो. न कळलेला भाग पुढचा. तिसऱ्या प्रुफात लेखकाने दोन परिच्छेद वाढवले, त्यामुळे पुढची पाने सरकली आणि अनुक्रमणिका बदलली. वीस छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून आली होती, ती पुन्हा मागवावी लागली. एका लेखाची जुनीच प्रत मांडणीत गेली होती. असल्या कामाला ताशी 250 रुपये धरा आणि बारा तास धरा. आणखी 3,000 झाले. टायपिंगच्या निम्मे पैसे केवळ गोंधळ निस्तरायला गेले. मजकूर घरीच युनिकोडमध्ये टाईप करून नीट लावून नेला असता, तर पहिले 6,000 आणि शेवटचे 3,000, दोन्ही वाचले असते.

घरी टाईप करणे आता अवघड राहिलेले नाही. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. फोनवर बोलून लिहिता येते, मात्र त्यात विरामचिन्हे आणि अनुस्वार डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात. वर्ड विकत घ्यायचे नसेल तर लिब्रेऑफिस विनामूल्य आहे आणि एवढ्या कामाला पुरेसे आहे. फॉन्टवर खर्च करायची गरज नाही. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, आयआयटी मुंबईचा शोभिका, एक टाईपचा मुक्ता, तसेच तिरो देवनागरी मराठी, हे सगळे विनामूल्य मिळतात आणि पुस्तकात शोभतात.

सर्वांत जास्त फसगत होते ती जुन्या फाईलींत, म्हणून इथे थोडी थांबते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टांत टाईप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग असतो; फॉन्ट त्याला देवनागरीचा चेहरा देतो. फॉन्ट गेला की चेहरा गेला. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फॉन्ट कुठलाही लावा, 'क' हा 'क'च राहतो. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे, पण आपल्याकडच्या छपाईच्या धंद्यात जुने फॉन्ट त्यानंतर कितीतरी वर्षे चालले, कारण पेजमेकर या मांडणीच्या जुन्या प्रोग्राममध्ये तेच चालत. आजही जुना अनुभवी ऑपरेटर युनिकोडच्या फाईलीला नाक मुरडतो. त्याचा राग समजण्यासारखा आहे, पेजमेकर युनिकोड घेतच नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची. नव्या कामाला कुणी पेजमेकर सुचवले तर नम्रपणे नको म्हणावे, मग दर पानामागे दहा रुपयांनी कमी का असेना.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, काही विनामूल्यही. दुकानदार त्याचे पानामागे पाच-दहा रुपये लावतो, तेवढे द्यायला हरकत नाही. पण बदललेला मजकूर पुन्हा वाचावा लागतो, आणि ते वाचन दरात धरलेले आहे का, ते आधी विचारावे. चुका ठरावीक जागी होतात. मी फाईल हातात आली की शोधून पाहते ते शब्द असे: दुसऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड, ॲड., ऑगस्ट, वाङ्मय, श्रद्धा, ज्ञान, कर्तृत्व, सर्व. 'ऱ्य' मोडून 'र्य' झाला की 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले, त्याआधीच्या साधनांना ते ठाऊक नसते, मग 'ॲड.'च्या जागी 'अॅड.' अशी जोडाजोड येते. दिसायला सारखी, पण शोधताना सापडत नाही. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर मागेपुढे होते. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. हे दहा शब्द ठीक निघाले की बाकीचा मजकूर बहुधा ठीक असतो, पण एक संपूर्ण वाचन तरीही करावेच.

आणि एक, पीडीएफ जपून ठेवली म्हणजे मजकूर जपला असे समजू नये. जुन्या फॉन्टाच्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर चिन्हांचा ढीगच हाती येतो. युनिकोडच्या पीडीएफमधूनही देवनागरी पुष्कळदा काने-मात्रे सांडत बाहेर येते. पीडीएफ छपाईसाठी असते आणि वाचण्यासाठी. दुरुस्तीसाठी ती उपयोगाची नाही.

घरी फोल्डर कसे लावावे? मी वापरते ती पद्धत सांगते. कामाच्या नावाचा एकच मोठा फोल्डर. त्यात पहिला 'मूळ', लेखकांकडून जसे आले तसे. याला पुन्हा हात लावायचा नाही. दुसरा 'संपादित'. तिसरा 'चित्रे'. चौथा 'मांडणी', यात ऑपरेटरकडून आलेल्या फाईली. पाचवा 'प्रुफे', सहावा 'छपाईला गेलेले'. सहाव्यात शेवटची पीडीएफ आणि मुखपृष्ठ यांशिवाय काहीही नसावे. फोल्डरांच्या नावाआधी 01, 02 असे आकडे घातले की ते त्याच क्रमाने दिसतात. फाईलच्या नावात आधी लेखाचा क्रमांक, मग लेखकाचे आडनाव, मग तारीख: वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. तारीख उलटी लिहिल्याने जुनी-नवी प्रत आपोआप ओळीने लागते. 'फायनल' हा शब्द फाईलच्या नावात कधीही घालू नये. 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल 2 हीच घ्या' अशा तीन फाईली एका फोल्डरात असल्या की ऑपरेटर त्यातली एक उचलतो, आणि ती चुकीची असली तर त्याला दोष देता येत नाही.

फाईलींची नावे मी रोमन अक्षरांत ठेवते. माझे मराठीवर कमी प्रेम आहे म्हणून नव्हे. झिप करून पाठवलेल्या देवनागरी नावांच्या फाईली समोरच्या जुन्या संगणकावर चौकोन आणि प्रश्नचिन्हे होऊन उघडताना मी पाहिल्या आहेत. मजकूर आत मराठीत आहे, बाहेरची चिठ्ठी कुणालाही वाचता यावी एवढेच. नावात तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम घालू नयेत, विंडोज ते घेत नाही. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर अशी उतरंडही रचू नये. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची लांबी साधारण 260 अक्षरांपलीकडे गेली की कित्येक प्रोग्राम फाईल उघडायला नकार देतात.

वर्डमध्ये एक सवय लावून घेतली तर मांडणीचे पैसे खरोखर कमी होतात. लेखाचे शीर्षक, उपशीर्षक, मजकूर, अवतरण यांना वर्डच्या स्टाईल लावाव्यात. शीर्षक मोठे आणि ठळक करून दिसायला शीर्षकासारखे झाले, तरी प्रोग्रामला ते शीर्षक आहे हे कळत नाही. स्टाईल लावलेली असली की इनडिझाइनमध्ये मजकूर ओतताना ऑपरेटर त्या स्टाईल आपल्या मांडणीच्या स्टाईलशी एकदाच जोडतो आणि 160 पाने एका झटक्यात आकार घेतात. नाहीतर तो प्रत्येक उपशीर्षकावर जाऊन हाताने काम करतो. त्याचा वेळ, आपले पैसे. स्टाईल लावलेल्या फाईलीत वर्डच्या नेव्हिगेशन पट्टीवर सगळी शीर्षके दिसतात. एखादे प्रकरण वर-खाली न्यायचे तर शीर्षक धरून ओढायचे, त्याखालचा मजकूर सोबत जातो. स्पेसबार दाबून दाबून केलेली जागा आणि पान बदलायला मारलेले वीस एंटर, हे घरीच काढून टाकावेत. दोन प्रतींत काय फरक आहे ते वर्डच्या 'कम्पेअर'ने दिसते. मी प्रत्येक लेख ऑपरेटरकडे देण्यापूर्वी मागच्या प्रतीशी असा ताडून पाहते.

छायाचित्रांबद्दल थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन पोहोचतो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. छपाईला 300 डीपीआय लागते. पूर्ण ए-फोर पान भरणारे चित्र या हिशेबाने 2,480 गुणिले 3,508 बिंदूंचे होते. छपाईच्या चार रंगांत, न दाबता ठेवले तर सुमारे 35 एमबी. स्मरणिकेत अशी चाळीस चित्रे असली तर दीड जीबीच्या आतच काम आटोपते. गुगल ड्राइव्हवर 15 जीबी जागा विनामूल्य मिळते, ती पुरते. मेल आणि फोनचे फोटो यांनी ती भरली असेल तर 100 जीबीला महिना 130 रुपये पडतात. अंकाचे काम तीन महिने चालते. तीन महिन्यांचे 390 रुपये. याशिवाय एक प्रत पेनड्राइव्हवर आणि तो पेनड्राइव्ह संगणकापासून लांब, दुसऱ्या कुणाच्या घरी.

आता जे मी 2011 मध्ये विचारले नाही ते. काम देतानाच, आगाऊ रक्कम हातावर ठेवण्यापूर्वी, सांगावे की छपाईची पीडीएफ तर हवीच, पण काम संपल्यावर ओपन फाईल, म्हणजे दुरुस्त करता येणारी मांडणीची फाईलही हवी, पूर्ण पॅकेज करून. 'पॅकेज' हा शब्द वापरावा, ऑपरेटरला तो बरोबर कळतो. इनडिझाइनच्या फाईल मेन्यूत पॅकेज नावाची आज्ञा आहे. ती दिली की एक नवा फोल्डर तयार होतो: त्यात मांडणीची फाईल, वापरलेल्या सर्व चित्रांचा 'लिंक्स' फोल्डर, आणि परवान्यात बसतील ते फॉन्ट. सोबत आयडीएमएल नावाची फाईलही करून घेता येते. ती जुन्या आवृत्तीतही उघडते, त्यामुळे उद्या दुसऱ्या ऑपरेटरकडे जावे लागले तर अडत नाही. पुस्तक प्रकरणवार वेगवेगळ्या फाईलींत असेल तर सगळ्या प्रकरणांच्या फाईली आल्या की नाही, मोजून घ्याव्यात. आमच्या सीडीवर सोळांपैकी सात होत्या, आणि तेव्हा कुणी मोजल्या नव्हत्या.

काही दुकानदार ओपन फाईल द्यायला तयार नसतात, किंवा वेगळे पैसे मागतात. मला वेगळे पैसे मागणे गैर वाटत नाही. मांडणी हे त्याचे कौशल्य आहे, आणि फाईल दिली की पुढचे काम दुसरीकडे जाऊ शकते हे त्याला दिसते. 500 किंवा 1,000 रुपये जास्त पडले तरी द्यावेत. पुन्हा टाईप करण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाही. पण हे सुरुवातीलाच ठरावे. काम झाल्यावर मागितली तर सौदा त्याच्या हातात असतो. ठरले की एका कागदावर किंवा मेलवर लिहून घ्यावे: एकूण रक्कम, किती प्रुफे, जादा दुरुस्तीचा दर, ओपन फाईल पॅकेजसह, आणि तारीख. फाईल हाती आली की दुकानातून उठण्यापूर्वी ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. गुलाबी पट्टा दिसला की तिथल्या तिथे सांगावे. पाच मिनिटांचे काम, पण बहुतेकजण याच पाच मिनिटांचा संकोच करतात.

छापखान्याकडे जाताना पाने सोळाच्या पटीत आहेत का ते बघावे. 160 पाने म्हणजे सोळा पानी दहा फर्मे, नेमके. 164 झाली तर चार पानांसाठी कागद आणि प्लेटचा जादा खर्च बसतो. त्यापेक्षा ऑपरेटरला सांगून ओळींमधली जागा किंचित कमी करावी, किंवा एखादे चित्र लहान करावे. ही दुरुस्ती मांडणीत असताना काही तासांची असते. प्लेट निघाल्यावर एक शब्द बदलायचा म्हटला तरी त्या फर्म्याची प्लेट पुन्हा करावी लागते. पुस्तकाला आयएसबीएन हवा असेल तर तो भारतात विनामूल्य मिळतो. त्याचे कुणी हजार रुपये मागितले, तर ते अर्ज भरण्याचे पैसे आहेत हे जाणून द्यावेत किंवा स्वतः अर्ज करावा.

बिलावर जीएसटी लावला असेल तर दुकानाचा जीएसटी क्रमांक बिलावर आहे का ते पाहावे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही. क्रमांक नाही आणि 18 टक्के लावले आहेत, असे बिल परत करावे. स्वतःच्या घरगुती कामात पैसे घेऊन काम दिले नाही, ठरलेली फाईल दिली नाही, असे झाले तर आधी लेखी कळवावे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला 1915 वर फोन करावा. त्यानेही भागले नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. कामाची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रार दाखल करायला शुल्क पडत नाही, आणि मुदत दोन वर्षांची. तिथे तो ठरल्याचा कागदच कामी येतो.

वेळेचेही पैसे असतात. श्रावणापासून दिवाळीपर्यंत या भागातले ऑपरेटर गणपतीचे फलक, अहवाल आणि दिवाळी अंक यांत गळ्यापर्यंत बुडालेले असतात; निवडणुका लागल्या की विचारूच नका. त्या दिवसांत नेलेले काम घाईत होते आणि महाग पडते. एप्रिल ते जूनमध्ये तोच माणूस शेजारी बसवून दुरुस्त्या करून देतो. शेजारी बसता आले तर जरूर बसावे, मात्र दुरुस्त्यांची यादी पान आणि ओळ घालून हातात असावी. समोर बसून सुचेल तसे बदल सांगत गेलो तर घड्याळ आपल्या खर्चाने चालते. दुकान गोखले रोडवर आहे की ऑपरेटर शहाडला घरून काम करतो, याने फारसे बिघडत नाही. घरून काम करणाऱ्याचे भाडे वाचते, म्हणून दर कमी असू शकतो. त्याच्याकडे छपाईचा अनुभव किती आणि फाईलींची दुसरी प्रत तो कुठे ठेवतो, हे दोन प्रश्न मात्र विचारावेत.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चे. आमच्या जुन्या स्मरणिकेची छापील प्रत आम्हाला अशाच एका वाचनालयाच्या कपाटात मिळाली, पाने पिवळी, शिवण शाबूत. नऊ लेख तिच्यावरूनच टाईप झाले. या वेळी पॅकेजचा फोल्डर तीन जागी ठेवला आहे. एक संस्थेच्या ड्राइव्हवर, एक कार्यवाहांच्या घरी, एक माझ्याकडे. मांडणी, लिंक्स, फॉन्ट, आयडीएमएल, पीडीएफ. फाईली मोजल्या, सोळाच्या सोळा आहेत.